हुंकाराची नोकरी

सिंगापुरात आमच्या घरातले चौघे कामाला होते. बाबा एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळायचा. आई एका प्रयोगशाळेत जंतू वाढवायची. बाबाची मोठी बहीण, म्हणजे आमच्याकडेच राहणारी माझी वैजूआत्या, सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि वर पगार घ्यायचा, अशी तिच्या स्वभावाला मानवणारी नोकरी तिला मिळाली होती. आणि चौथी मी, सायली, वय अकरा. मी हुंकार द्यायचे. मला पगार नव्हता, पण चौघांत जोखमीचं काम माझंच होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. बाबाचं चुकलं असतं तर एक बँक बंद पडली असती, आईचं चुकलं असतं तर फार तर एखादी साथ पसरली असती. माझं चुकलं असतं तर अख्खा माणूस नाहीसा झाला असता, आणि तोही आमच्याच घरातला. पाचवा चिन्मय, माझा धाकटा भाऊ. तो पहिलीत होता आणि काहीच करत नव्हता.

आठवणी म्हातारपणी लिहायच्या असतात हे मला ठाऊक आहे. पण घडलेलं आणि रचलेलं यांच्यामधली भिंत आमच्या घराण्यात चाळिशीनंतर पडते, असा अनुभव आहे. म्हणून परवा डोक्यात पहिला पांढरा केस सापडला, त्याच क्षणी मी स्वतःला म्हातारी जाहीर केलं आणि भिंत शाबूत आहे तोवर लिहायला बसले. तरी एखाददुसरी वीट निसटली असेल. वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

यिशुनला अकराव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट होता. पहाटे खालच्या झाडावरची कोकीळ अशी किंचाळायची की समोरच्या ब्लॉकमधले दिवे लागायचे. आपल्याकडे कोकिळेवर कविता करतात, तिथे तिच्याविरुद्ध तक्रार करायचे. मग पुलावरून जाणाऱ्या एमआरटी रेल्वेची घरघर, लांब कॉरिडॉरमधून चपलांची फटफट, शेजारच्या चिनी आजीच्या कढईत पडणाऱ्या आल्याचा चरचराट. शनिवारी सकाळी आमच्या घरातला आवाज मात्र वेगळा असायचा. बाबा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून आठवड्याच्या चटणीचा लसूण सोलायचा आणि सोलताना गुणगुणायचा. एकच गाणं, तेही अर्ध्या ओळीपर्यंत. पुढची अर्धी मी जन्मात ऐकली नाही. आई पोह्यांवर खोबरं भुरभुरवायची. आणि हॉलमध्ये सोफ्यावर मांडी घालून, हातात कागदांची चळत आणि कानावर लाल पेन्सिल खोचून वैजूआत्या बसायची. तिच्या समोर जमिनीवर मी.

वैजूआत्या अद्भुतकथा लिहायची. दिवाळी अंकांत त्या छापून यायच्या, अंक कुणाच्या तरी बॅगेतून पुण्याहून सिंगापूरला यायचे आणि मग मराठी घरांतून फिरायचे. आमच्यापर्यंत अंक येई तेव्हा तिच्या कथेची पानं तेवढी हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली आणि शिवणीतून सुटलेली असायची. बाकीचा अंक कोरा करकरीत. तिची लिहिण्याची रीत अशी. लिहिलेलं ती मोठ्याने वाचायची, आणि प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याने हुंकार द्यायचा. "हं." लहान मुलाला गोष्ट सांगताना आपण म्हणतो ना, हुंकार दे नाहीतर मी थांबेन, तसंच, फक्त इथे गोष्ट सांगणारी बेचाळीस वर्षांची होती. ज्या वाक्याला हुंकार आला ते पास. ज्याला आला नाही ते तिथल्या तिथे लाल पेन्सिलीने खोडलेलं. खोटा हुंकार चालत नसे. झोपेतला कुठला, पोहे लवकर मिळावेत म्हणून दिलेला कुठला आणि खरा कुठला, हे तिला डोळे मिटून कळायचं. "ऑफिसात मी मशीनला तपासते, घरी तू मला तपासतेस," ती म्हणायची. चौथीपासून मी ही नोकरी केली आणि माझ्या हुंकाराशिवाय तिची एक ओळ छापून आली नाही. सगळ्या मराठी साहित्यात एवढा अधिकार अकरा वर्षांच्या दुसऱ्या कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

तिच्या कथांची एक भानगड होती. त्या लोकांना लागायच्या. नवव्या मजल्यावरच्या परांजपेकाकांचं बघा. बांबूवर वाळत घातलेले कपडे मालकाच्या ऐवजी ऑफिसात जातात अशी तिची एक कथा होती, आणि त्यातला घामट, घाईगडबडीचा मालक हुबेहूब परांजपेकाका. कथा छापून आली आणि महिन्याभरात त्यांच्या सुटाची पँट बांबूवरून उडाली. उडाली ती समोरच्या ब्लॉकवरून, शाळेवरून, मी तर म्हणते समुद्रावरून गेली. कारण पाठोपाठ काकांची थेट जर्मनीला बदली झाली. पँट पुढे, काका मागे. मग पुंगोलच्या साठेकाकू. एका बाईचा आवाज लोणच्याच्या बरणीत मुरत घातला जातो, ही कथा. त्या वर्षी गणपतीत ऐन आरतीला काकूंच्या तोंडून फक्त वाफ निघाली. आरती साठेकाकांनी म्हटली. त्यांचा सूर ऐकून दीड दिवसाचा गणपती एका दिवसातच निघायच्या बेतात होता, हे मी मूर्तीच्या चेहऱ्यावर स्वतः पाहिलं आहे.

तेव्हापासून मराठी लोकांच्या जेवणावळींत वैजूआत्या आली की बोलणं मिठासारखं विरघळायचं. "दही संपलं" एवढंसुद्धा लोक तिच्याकडे एक डोळा ठेवून सांगायचे. मला मात्र भीती नव्हती. मी हिशेब केला होता. कथा असते दहा पानांची. दहा पानांत माणसाचं जाऊन जाऊन जाणार काय? एक पँट. एक आवाज. एवढं तर कुणाचंही जातं.

मग दातारकाकांनी ईस्ट कोस्टला कॉन्डो, म्हणजे महागड्या खाजगी इमारतीतला फ्लॅट, घेतला आणि वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. आम्ही लिफ्टमध्ये चढलो. बाबाने बटणांकडे पाहिलं आणि विचारलं, "चौथा कुठे गेला? तीनच्या वर पाच आहे."

"नसतोच!" दातारकाका असे फुलले की जणू चौथा मजला गाळून घ्यायची घासाघीस त्यांनीच केली होती. "चिनी लोक चार अशुभ मानतात. म्हणून बिल्डर तो आकडाच गाळतो. तीन झाला की डायरेक्ट पाच."

"मग चौथ्यावर राहणारे कुठे जातात?" वैजूआत्या हळूच म्हणाली. तिची डावी भुवई वर गेलेली सगळ्यांनी पाहिली, आणि ती वर गेली की तिला कथा सुचलेली असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. श्रीखंडाच्या वेळी तिने वाटी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "मी कादंबरी लिहितेय. पहिली."

पंचवीस चमचे जागच्या जागी थांबले. साठेकाकूंचा आवाज तेव्हा परत आला होता, तो घोगरा होऊन म्हणाला, "कुणावर?"

मी तिथल्या तिथे पुन्हा हिशेब केला. कादंबरी तीनशे पानांची असते. तीनशे पानांना पँट पुरत नाही. तीनशे पानांना अख्खा माणूस लागतो.

त्यानंतरचे महिने सिंगापुरातल्या मराठी माणसांनी जसे काढले तसे युद्धाच्या काळातही कुणी काढले नसतील. पुण्याहून प्रकाशकांचा दर रविवारी फोन यायचा, "मॅडम, आम्ही वाट बघतोय," आणि इथे सगळे त्याच कादंबरीची वाट बघत थरथरत होते. साठेकाकू आमच्याकडे अळूवड्या घेऊन आल्या आणि जाताना हलकेच म्हणाल्या, "वैजू, दातारांच्या घरात खूप मसाला आहे हो, सांगेन तुला." दुसऱ्याच दिवशी दातारकाकांनी फोन करून साठ्यांच्या घरातला मसाला सांगितला. (ती कादंबरी पुढे पुष्कळ वर्षांनी आली. या लोकांनी ती रात्रंदिवस चाळली आणि तिच्यात यांच्यातलं कुणीच नाही असं कळल्यावर जे रुसले ते अजून रुसलेले आहेत. "निदान लिफ्ट तरी आमचीच आहे ना?" दातारकाकांनी मला गेल्या दिवाळीत विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचे डोळे पाणावले.)

पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा एका शनिवारी वैजूआत्याने पहिलं प्रकरण काढलं आणि वाचायला लागली. एका इमारतीत चौथा मजला नाही. पण कधीकधी, एकट्या माणसासाठी, लिफ्ट तिथे थांबते. जो तिथे उतरतो तो त्याच्या घरच्यांच्या आठवणीतून जातो. संध्याकाळी घरी एक ताट कमी घेतलं जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हं, हं, मी म्हणत होते, भीतीने गोड गारठून. मग आला गोविंद. बायको आणि दोन मुलं असलेला, बेताच्या उंचीचा, कुणाशी भांडण नसलेला माणूस. "गोविंद घरातून निघाला की जिन्यापर्यंत जाऊन एकदा परत यायचा," आत्या वाचत होती, "शेगडी बंद आहे ना, ते बघायला."

मी हुंकार द्यायचं विसरले.

कारण बाबा तसंच करायचा. खाली ब्रेड आणायला जायचा तरी लिफ्टपर्यंत जाऊन परत यायचा, गॅसची बटणं बोटाने चाचपायचा आणि मग जायचा. गोविंद गाताना अर्ध्या ओळीवर थांबायचा. गोविंद वर्तमानपत्राची चौकोनी घडी करून उशीखाली ठेवायचा. मी मान वळवून ओट्याकडे पाहिलं. बाबा लसूण सोलत होता, गुणगुणत होता, आणि अर्ध्या ओळीवर थांबला.

"काय झालं गं? हुंकार?" आत्याने विचारलं.

"हं," मी म्हटलं. तो माझ्या नोकरीतला भीतीपोटी दिलेला पहिला खोटा हुंकार. तिने तो ओळखला, पण सोडून दिला.

त्या दिवसापासून मी बाबावर पहारा ठेवला, आणि जसा ठेवला तशी लक्षणं दिसायला लागली. मॉलमधल्या आपोआप सुरू होणाऱ्या नळाखाली बाबाने हात धरला. पाणी आलं नाही. चिन्मयने धरला, आलं. बाबाने पुन्हा धरला, गेलं. चिन्मयच्या वाढदिवसाचे फोटो पाहिले तर एकाही फोटोत बाबा नव्हता. मी रडकुंडीला येऊन आईला दाखवले. आई म्हणाली, "अगं, फोटो तो काढत होता ना." मला ते पटलं नाही, माणूस नाहीसा होताना काहीतरी कारण देतातच. सगळ्यावर कडी शेजारच्या चिनी आजीने केली. कॉरिडॉरमध्ये मला संत्रं देत ती इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या घरात चौघं जण ना? किती छान कुटुंब." मी घरात आले आणि आमच्या चपला मोजल्या. पाच जोड होते. बाबाचा जोड कोपऱ्यात सरकलेला होता. मी तो मध्ये आणून ठेवला आणि रोज शाळेतून आल्यावर तो मध्येच आहे ना, ते बघत राहिले. लिफ्टमध्ये बाबाला मी एकट्याला जाऊ द्यायचे नाही. सकाळी त्याच्या ऑफिसच्या वेळेला माझं काहीतरी खाली पडायचं, मला खाली जायचंच असायचं. "सायलीला एवढा बापाचा पुळका कुठून आला?" आई म्हणायची. आमच्या ब्लॉकच्या लिफ्टला चौथा मजला होता, त्याचं बटण होतं, तिथे एक मलेशियन बाई मांजरं पाळून राहायची. तरी तीनचा दिवा गेला आणि चारचा लागायचा असला की मधल्या क्षणात मी बाबाचा शर्ट मुठीत धरायचे.

आणि शनिवारी मी माझं हत्यार काढलं. आत्याने वाचलं, "गोविंदने लिफ्टचं बटण दाबलं." मी गप्प. ती थांबली. मी पोह्यातला शेंगदाणा शोधत होते. तिने लाल पेन्सिलीने ओळ खोडली. पुढल्या शनिवारी गोविंद लिफ्टच्या दाराशी आला, मी गप्प, खोडलं. पण गोविंद जिन्याने खाली उतरला, की "हं!" गोविंद भाजी घ्यायला गेला, "हं!" गोविंदने वांगी निवडून घेतली, काटे असलेली, "हं, हं!" मी इतका उदार हुंकार द्यायचे की मे महिन्यापर्यंत गोविंदने मंडईतली अर्धी भाजी घरी आणली होती. मुलीच्या वहीला कव्हर घातलं होतं, पंख्याला तेल दिलं होतं, सासूला दवाखान्यात नेऊन आणलं होतं. लिफ्ट बिचारी तळमजल्यावर दार उघडून उभी होती.

आई एकदा ऐकत होती. ती म्हणाली, "ताई, तुमच्या गोविंदाचं चांगलं चाललंय हो. आमच्याकडे पाठवा ना, बाथरूमचा नळ गळतोय."

वैजूआत्या हसली नाही.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि धूर आला. समुद्रापलीकडच्या बेटावर जंगलं जाळतात, आणि वारा फिरला की तो सगळा धूर सिंगापुरावर येऊन बसतो. त्या वर्षी असा बसला की आधी लांबची झाडं गेली, मग एमआरटीचा पूल गेला, आणि एका सकाळी समोरचा ब्लॉकच गेला. खिडकीत नुसता राखाडी चौकोन. गाडीची घरघर यायची पण गाडी दिसायची नाही. कोकीळसुद्धा गप्प झाली. घरात सगळीकडे जळक्या सरपणाचा वास, तोंडाला मास्क, खिडक्या बंद. बाबा मास्क लावून ऑफिसला निघाला की कॉरिडॉरच्या टोकाला पोचायच्या आतच पुसट व्हायचा, परत यायचा, गॅस बघायचा, पुन्हा पुसट व्हायचा. मी दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे इतकं टक लावून बघायचे की माझे डोळे चुरचुरायचे, आणि ते धुराने चुरचुरतायत असं सगळ्यांना वाटायचं. माझी खात्री झाली होती. मी लिफ्ट अडवून धरली म्हणून चौथा मजला स्वतःच बाहेर पडून आमच्या दारापर्यंत आला होता.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात मी आत्याला आईशी बोलताना ऐकलं. आई कणीक मळत होती. आत्या पाठमोरी होती.

"नाही जमत मला, मीनल. दहा पानं झाली की माझा हात थांबतो. आयुष्यभर थांबत आलाय. या वेळी वाटलं होतं, जाईल पुढे. पण बघतेयस ना, वांगी आणतोय तो."

"थोडं थांबा ना. सुचेल."

"सुचतंय गं. सगळं सुचतंय. कागदावर जिवंत राहत नाही. सायली हुंकार देत नाही म्हणजे मेलेलंच आहे ते. ती खोटं बोलत नाही." तिने कानावरची लाल पेन्सिल काढून ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "मला भीती वाटते, मीनल. या शनिवारी शेवटचं वाचून बघते. नाही जमलं तर पुण्याला फोन करते, वाट बघू नका म्हणून. आणि मग काही लिहिणार नाही. छोटंही नाही."

मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. मला फक्त एवढं कळलं की शनिवारपर्यंत दम धरला की बाबा सुटला.

शनिवार आला. खिडकीत तोच राखाडी चौकोन, घरात दिवसा दिवे. बाबा ओट्याशी लसूण घेऊन उभा. आई कपड्यांच्या घड्या करत होती, बांबूवर बाहेर घालता येत नव्हते म्हणून हॉलभर दोऱ्या बांधून कपडे टांगले होते. त्या ओल्या कपड्यांच्या मध्ये वैजूआत्या बसली. तिचा चेहरा कागदासारखा होता. मी ओठ दातांत धरून समोर बसले. चिन्मय माझ्या मांडीला टेकून रंगवत होता.

"गोविंद लिफ्टमध्ये शिरला," आत्याने वाचलं.

मी गप्प.

तिने पेन्सिल उचलली नाही. ती पुढे वाचत गेली. "दार मिटलं. एकचा दिवा गेला. दोनचा गेला." गप्प. "तीनचा गेला, आणि पुढचा कुठलाच लागला नाही." गप्प. माझे कान इतके तापले होते की त्यांवर पोळी भाजली गेली असती.

"ताई," चिन्मय रंगवता रंगवता शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "व्हाय यू नेव्हर से हं? आत्या वेटिंग, ला."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तिने शेवटचा कागद वर घेतला.

"लिफ्ट थांबली तेव्हा गोविंदला आठवलं, की शेगडी बघायला आपण परत गेलो होतो, आणि पोरांना वाटलं होतं, आपण राहिलो."

"हं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आमच्या घरात बाबाने आजवर एकही हुंकार दिला नव्हता. छापून आलेलंच वाचेन म्हणायचा. तो दारात येऊन उभा राहिला. हातांना लसणाची सालं चिकटलेली.

"पुढे?" तो म्हणाला.

तेव्हा माझा बांध फुटला. मी उठून ओरडले, "पुढे नाही! आत्या, पुढे वाचायचं नाही! तो बाबा आहे! तू बाबाला घेतलंस! परांजपेकाकांना घेतलंस, साठेकाकूंना घेतलंस, आता बाबाला..." आणि मी बाबाच्या पोटाला अशी मिठी मारली की तो भिंतीवर आदळला.

"हा?" वैजूआत्या थक्क होऊन म्हणाली. "हा माझ्या कादंबरीत? याच्यावर मी अर्धं पानसुद्धा लिहू शकणार नाही. याला काही होतच नाही कधी."

"गॅस बघतो तो! गाणं अर्धं सोडतो!"

बाबा हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे तरी त्याच्याकडे ठेवायला दिले होते. "मी नाही तो, सायू," तो म्हणाला. "ताई, हे अण्णा आहेत ना?"

आता अण्णा कोण, ते सांगायला हवं. बाबाचे आणि आत्याचे वडील, माझे आजोबा. काही घरांत ओव्हन नसतो तसे आमच्या घरात आजोबा नव्हते. ना फोटो, ना गोष्ट. मी कधी विचारलं नव्हतं. नसलेल्या ओव्हनबद्दल कोण विचारतं?

"तुला आठवतं?" आत्या म्हणाली. "मला वाटायचं, तुला काही आठवत नाही. तू चिन्मयएवढा होतास."

"डोंबिवलीची खोली आठवते. ते पिशवी घेऊन निघाले. मग परत आले, स्टोव्ह बघितला. मला वाटलं, राहिले." बाबा थांबला. गाताना थांबायचा तसा. पण या वेळी पुढे बोलला. "मला म्हणाले, दार लावून घे. कडी वर होती. मी पाट ओढला, त्यावर चढलो आणि लावली."

"तू?" आत्या उठून उभी राहिली. कागद तिच्या मांडीवरून सगळीकडे पसरले. "सुहास, कडी मी लावली. मला म्हणाले ते. मी लावली नसती तर ते..."

"मी लावली, ताई."

"मी रे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. चाळिशीच्या आसपासची दोन माणसं, आणि दोघांच्या चेहऱ्यावर अशी भीती की मी माझी विसरून गेले. भांडण होतं, पण तसं भांडण मी आधी ऐकलं नव्हतं. दोघांनाही ते दार आपणच लावलेलं हवं होतं, दुसऱ्याने लावलेलं नको होतं.

"संध्याकाळी आपल्या आईने तीनच ताटं घेतली," बाबा म्हणाला.

"हो." आत्या खाली बसली. "ते परत आलेच नाहीत, आणि त्यानंतर त्यांचं नाव नाही काढलं कुणी. मला दहा पानांच्या पुढे जाता येत नाही, सुहास, कारण पुढे ते दार येतं. सगळ्या गोष्टींत येतं. मग मी कुणाची तरी पँट उडवते आणि संपवते."

आईने गुपचूप कागद गोळा केले, पुन्हा लावले आणि आत्याच्या हातात दिले. बाबा तिच्या शेजारी बसला. मला त्याने ओढून मध्ये घेतलं. त्याच्या शर्टाला लसणाचा आणि धुराचा वास येत होता, आणि तो घट्ट होता, आरपार दिसत नव्हता. तरी मी त्याला बिलगूनच राहिले. इतके दिवस मला वाटत होतं, माणूस नाहीसा व्हायला काहीतरी जादू लागते, एखादी आत्या लागते, आकडा गाळलेला मजला लागतो. त्या दिवशी कळलं की एक पिशवी पुरते. ही भीती पहिलीपेक्षा मोठी होती, आणि तिच्यावर पहारा ठेवायला कुठली लिफ्टही नव्हती.

"वाच," बाबा म्हणाला.

"नको आता. राहू दे."

"वाच, ताई. जिन्यात उभे आहेत ते किती वर्षं."

आत्याने कागद डोळ्यांजवळ धरला. "दार उघडलं," ती वाचायला लागली. "समोर लांब कॉरिडॉर होता. कुठल्याच दाराला कुलूप नव्हतं. गोविंदने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मागे एकदा पाहिलं, आणि लिफ्टच्या बाहेर पाऊल टाकलं."

ती थांबली. बाबाने हुंकार दिला नाही. आईनेही नाही. ते माझं काम होतं. तिघंही माझ्याकडे बघत होती, आणि चिन्मयसुद्धा रंगवायचा थांबून बघत होता. मी म्हटलं नसतं तर तिने ती ओळ खोडली असती, आणि ते आजोबा, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, तसेच लिफ्टमध्ये उभे राहिले असते, ना घरात ना बाहेर.

मी बाबाचा शर्ट दोन्ही मुठींत धरला, डोळे गच्च मिटले, आणि म्हटलं,

"हं."